यवतेश्वर घाटाची तयारी : इझी रनने पेशीत काय बदलतं

सातारा हिल हाफ या घाटातल्या अर्ध-मॅरेथॉनच्या तयारीची ही पुढची नोंद. इझी रनचा, म्हणजे सावकाश धावण्याचा, पेस तोच ठेवलाय, हार्ट रेट मात्र बराच खाली आलाय. यवतेश्वरच्या चढावर आता सोबतच्यांशी पूर्ण वाक्यात बोलता येतं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांतली सुधारणा मुख्यतः रक्ताची असते. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मला खरी ओढ आहे ती त्यानंतर स्नायूंत होणाऱ्या बदलाची. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसचे संशोधक जॉन होलोझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर पळवून दाखवलं, की सरावाने स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांची) ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते.

हे घडतं कसं? स्नायू आकसतो तेव्हा पेशीत कॅल्शियम सुटतं. एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं, त्यातून उरणारं एएमपी वाढतं आणि एएमपीके हे एन्झाइम जागं होतं. हे दोन्ही संदेश पीजीसी-१ अल्फा या प्रथिनापाशी पोचतात. ते सापडलं १९९८ मध्ये, ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत, आणि तेही थंडीत उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीचा अभ्यास चालू असताना! ते स्वतः डीएनएला चिकटत नाही. एनआरएफ-१सारख्या प्रथिनांना जोर देतं, आणि ती मायटोकॉन्ड्रियाची जनुकं चालू करतात. नव्या केशवाहिन्या फुटायला लागणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनालाही त्याची मदत होते.

माझं वेळापत्रक ज्यामुळे बदललं ती गोष्ट पुढेच आहे. पीजीसी-१ अल्फाचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा पेशीतला निरोप, धावून झाल्यावर काही तासांनी शिगेला पोचतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक ओसरतो. प्रथिनं मात्र थोडी थोडी साठत जातात, थेंबे थेंबे तळे साचे तशी. मायटोकॉन्ड्रियातल्या बऱ्याच प्रथिनांचं अर्धायुष्य, म्हणजे ती निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण आठवडाभराचं. त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला काही आठवडे लागतात आणि सराव सुटला की ती लवकर उतरते. म्हणून रविवारचा अवाढव्य लाँग रन थोडा कापून ते किलोमीटर मी मधल्या दिवसांत वाटून टाकले.

आठवड्यातून एकदा पहाटे उपाशीपोटी धावतो, आदल्या रात्री भात-पोळी कमी घेऊन. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठलेली साखर, कमी असलं की एएमपीकेचा संदेश तीव्र होतो. कोपनहेगनच्या २००५च्या प्रयोगात एक पाय रोज एकदा, दुसरा दिवसाआड दोनदा असा समान सराव दिला होता. दिवसाआड सराव करणाऱ्या पायाच्या दुसऱ्या सत्रात ग्लायकोजेन आधीच उतरलेलं असायचं, आणि त्याच पायात एन्झाइम जास्त वाढली, दमही जास्त टिकला. पण ती माणसं सराव नसलेली होती. मुरलेल्या धावपटूंनी यातून तेवढ्या फायद्याची अपेक्षा धरू नये, आणि टेम्पोच्या, म्हणजे सलग वेगात धावण्याच्या, दिवशी तर उपाशी धावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही मी घेत नाही. धावताना तयार होणारे ऑक्सिजनचे रॅडिकल्स (चटकन अभिक्रिया करणारे रेणू) हाही बदलासाठीचा एक संदेशच असतो, आणि मोठा डोस तो दाबू शकतो, असं काही प्रयोगांत दिसलंय. आवळा-संत्री मनसोक्त खातो.

आता उताराकडे वळायचंय. अर्धी शर्यत खाली उतरण्याची आहे, आणि तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्याने तंतूंना होणारी इजा मायटोकॉन्ड्रिया वाढवून टळत नाही. एकदा नीट उतार धावला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू कमी दुखतात. तेव्हा पुढच्या आठवड्यापासून घाटाच्या खालच्या टप्प्यात छोटे उतार, आणि टेपरच्या (शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या काळाच्या) आधी एकदा पूर्ण उतार.