आक्कांबरोबर

आळंदीत पहिल्या रात्री शेजारच्या पथारीवरच्या बाईंनी विचारलं, "माळ कधी घेतली तुम्ही?" मी म्हणाले, "अजून नाही घेतली." त्यातला 'अजून' खोटा होता. मी माळ घेणार नव्हते, हे घरून निघतानाच ठरलेलं होतं. मी ख्रिस्ती आहे. सदतीस वर्षं परिचारिकेची नोकरी केली, वॉर्डात कुणापासून विश्वास लपवला नाही, आणि तंबूत पाय पसरून बसलेल्या एका साध्या बाईपुढे माझी जीभ वळली नाही. 'येशूला मी ओळखत नाही' म्हणणाऱ्या, अंगणात शेकत बसलेल्या पेत्राला निदान जिवाची भीती होती. मला भीती होती ती फक्त वेगळं पडण्याची. पखवाज शांत झाले, कंदील मालवले, तरी तो एक शब्द घशात अडकून राहिला.

आक्का नगरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्या आणि काका जोडीनं वारी करायचे. काका पौषात गेले. वैशाखात एका संध्याकाळी आक्का ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रत्ना, औंदा वारी चुकती बघ." माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा माझ्या कित्येक रात्रपाळ्यांना आक्का तिच्या उशाशी बसल्या होत्या. तिला कूस बदलून द्यायच्या, तोंडात चमच्यानं पाणी सोडायच्या. मी म्हणाले, "मी येते, आक्का. पण माळ घालणार नाही, बुक्का लावणार नाही, पादुकांवर डोकं ठेवणार नाही."

"तुला कोन म्हनतंय ठिव म्हनून? संगं चाल म्हंजे झालं."

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे कळल्यावर एका बहिणीनं भक्तीनंतर सगळ्यांदेखत मला सुनावलं. पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, "रविवारचं काय?" म्हटलं, जिथे असेन तिथे पाळीन.

आमच्याकडे मिशनरी आले 1831 मध्ये, पण टाळ-मृदंग, कीर्तन हे आमच्या ख्रिस्ती देवळात इथल्या वारकरी-कीर्तनकारांकडून आलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. लहानपणापासून हे ऐकत आले होते, पण तो पूल पायाखाली पहिल्यांदाच येत होता. 'ज्ञानबा-तुकाराम' म्हणायला मला जड गेलं नाही. ती देवासाठी तळमळलेली माणसं, त्यांचं नाव मी आनंदानं घेतलं. विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला की मी मुकाट चालायचे. हे कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी एक टाळकरी मागे वळून आक्कांना म्हणाला, "ही बाई मुकी हाय का?" मला राग आला. रागाच्या भरात दोन मैल मी आजूबाजूला पाहिलंसुद्धा नाही.

पहाटे बायका काकड्याला उठायच्या तेव्हा मी सामानाच्या ट्रकच्या आडोशाला बॅटरी घेऊन बसायचे. यरुशलेमला सणाला पायी जाणारे लोक वाटेत गात ती बायबलातली पंधरा स्तोत्रं, 120 ते 134, मी वारीसाठी ठरवून घेतली होती. रोज एक. पलीकडे काकड्याचे अभंग, इकडे माझं हलक्या आवाजातलं वाचन. एखाद्या दिवशी अभंगाच्या चालीनं ओळ वाचली जायची, मग थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

दिवे घाट, सासवड, जेजुरी मागे पडली.

जेवणाचा प्रश्न मी बायबलातल्या पौलावर सोपवला होता. करिंथकरांना त्यानं लिहून ठेवलंय, पुढे वाढलेलं विचारपूस न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. पंगतीतलं पिठलं, भाकरी, ठेचा मी पोटभर खाल्ला. प्रसाद म्हणून पेढा हातावर आला तेव्हा "मला चालत नाही, माऊली" म्हणून हात जोडले. देणारा म्हातारा होता. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि पुढचा सगळा रस्ता तो चेहरा माझ्याबरोबर चालला. पेढा नाकारल्याचा पश्चात्ताप मला नाही. त्याला दोन शब्द जास्त सांगायला हवे होते.

वाल्ह्याहून लोणंदला निघालो त्या दिवशी टाच गेली. आदल्या दिवशी पावसात मोजे भिजले होते, तेच पुन्हा घातले. जिला आयुष्यभर जखमा बांधता आल्या तिनं असं करायला नको होतं. नीरा गाव यायच्या बरंच आधी उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला, मग तो पसरत तळव्यापर्यंत गेला. आक्कांना म्हटलं, तुम्ही दिंडी सोडू नका, मी गाठते. बाभळीच्या विरळ सावलीत बसले. समोरून दिंड्या जात होत्या, तुळशी जात होत्या, पाण्याचे टँकर हॉर्न देत जात होते, धूळ डोळ्यांत जात होती. ऊन कलेना. माझी औषधांची पिशवी ट्रकमध्ये. मला रडू आलं आणि मग चीड आली, आक्कांची, वारीची, स्वतःच्या शब्दाची. प्रार्थना करायचीही इच्छा होईना.

एक म्हातारी येऊन न विचारता शेजारी टेकली. परभणीकडची. दुसऱ्याच दिंडीतली. माझा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. तिच्या नऊवारीवर माझ्या पायाचा चिखल लागला तर मी पाय मागे घेऊ लागले, तिनं घोटा घट्ट धरला. पिशवीतून सुई-दोरा काढला. मी म्हणाले, मावशी, अशी सुई नको, जंतू जातील. तिनं काडेपेटी काढली, सुईचं टोक लाल होईपर्यंत धरलं, दोऱ्याला हळद चोळली आणि फोडाच्या एका कडेनं सुई घालून दुसऱ्या कडेनं काढली. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "कातडं सोलायचं न्हाई. पानी आपसूक गळंल." वॉर्डात मी हे कुणाला करू दिलं नसतं. पण तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

गाठ मारता मारता तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं. "माळ दिसंना?"

"मी ख्रिस्ती आहे, मावशी. माळ घेतलेली नाही आणि घेणार नाही."

"बरं. पाय हालवू नको."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मंग चालतीस कशापायी?" मी आक्कांचं सांगितलं, काकांचं सांगितलं, आईच्या आजारपणाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. फडक्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि "माझी दिंडी फुडं गेली" म्हणत गर्दीत शिरली. नाव विचारायचं राहिलं. भाकरी खाण्याआधी मी डोळे मिटले, आणि सकाळपासून न सुचलेली प्रार्थना एका दमात झाली.

त्या रात्री लोणंदच्या मुक्कामात मी शेजारच्या बाईंना म्हणाले, "आळंदीत मी तुम्हाला 'अजून' म्हटलं, ते खोटं होतं." आणि खरं सांगितलं. त्यांनी काही न बोलता पथारी दोन हात पलीकडे सरकवली. पुढे बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण त्या रात्री आळंदीनंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली.

बरडच्या मुक्कामी रविवार होता. संध्याकाळी मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं तसे दोघेतिघे कुतूहलानं जवळ आले. आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सरा तिकडं. तिची भक्ती चालू हाय."

मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. दोरा माळशिरसच्या आसपास आपोआप गळून पडला.

पंढरपुरात एकादशीला पुन्हा रविवार आला. दर्शनाची रांग पाहून आक्कांचे गुडघे हरले. त्या नामदेव पायरीशी वाकल्या आणि कळसाला हात जोडले. मी मागे त्यांच्या चपला धरून उभी होते, चोखोबांच्या समाधीजवळ. आजी सांगायची, तिचे वडील बाप्तिस्म्याआधी एकदा पंढरीला आले होते आणि इथूनच परत फिरले, कारण आमच्या लोकांना इथवरच येता यायचं. साने गुरुजींचं उपोषण 1947 मधलं. त्यानंतर दार उघडलं. आज मला कुणी अडवलं नसतं. मी माझ्या मनानं बाहेर होते. त्या दोन बाहेरांमध्ये केवढं अंतर आहे, हे गर्दीचे धक्के खात मला तिथे कळलं. चोखोबांसाठी माझे डोळे भरून आले. पोलीस म्हणाले, पुढे सरका.

घाटाकडच्या एका बोळात, बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. आक्का पाय चोळत होत्या. मध्येच थांबल्या.

"तुझं आजचं वाचायचं ऱ्हायलं ना?"

"रात्री वाचते, आक्का."

"रातच्याला कशाला? आत्ताच वाच की. मोठ्यानं वाच. गलका लई हाय."

मी पिशवीतून शास्त्र काढलं. आक्कांनी डोक्यावरून पदर घेतला.