बीहडातलं मोठं घुबड ओळखताना

ग्वाल्हेरच्या आसपास घुबडं बघायची असतील तर रात्री बॅटरी घेऊन भटकण्यात फारसा अर्थ नाही. शोध दिवसाच घ्यायचा, आणि तोही बराचसा मान खाली घालून. कड्यावर किंवा भिंतीवर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात का, त्याखाली घुबडाने ओकलेल्या केसाळ गोळ्या पडल्या आहेत का, एखाद्या झाडाभोवती बुलबुल, साळुंक्या आणि खारींनी एकच कालवा मांडला आहे का, एवढं बघत राहायचं. लहान पक्षी भरदुपारी एकाच फांदीकडे तोंड करून ओरडत असतील तर तिथे बहुतेक वेळा साप, शिक्रा नाहीतर घुबड असतं. हे सगळं मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या शेजारच्या काकांनी शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा वेळ याच नादात जातो, आणि त्यांच्यामुळे आता माझाही.

पिंगळ्याबद्दल फार लिहीत नाही. साळुंकीएवढा, पिवळ्या डोळ्यांचा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला हा पक्षी आमच्या गल्लीतल्या कडुनिंबातही आहे. इथले लोक त्याला खूसट म्हणतात. संध्याकाळी दोघं-तिघं मिळून भांडल्यासारखी किरकिर करतात, ती एकदा कानात बसली की विसरत नाही.

खरी शाळा भरली ती एका जुन्या सरदारी वाड्यात. माडीवरची खोली बरीच वर्षं बंद होती आणि रात्री तिथून कोणी घोरल्यासारखा, फिसकारल्यासारखा आवाज येई. वाड्यातल्या आजी धास्तावल्या होत्या. काकांनी खिडकीखालची एक काळपट, चकाकणारी गोळी उचलली आणि वर न जाताच म्हणाले, “आजी, ही गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत. भूक लागली की अशीच आवाज करतात. महिन्या-दोन महिन्यांत उडून जातील, तोवर खोली उघडू नका.”

घुबड उंदीर शक्यतो अख्खा गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकतं. ती गोळी काकांनी घरी आणून बशीत कोमट पाण्यात भिजत घातली आणि तासाभराने सुई-चिमट्याने उकलली. करड्या केसांच्या लगद्यातून आधी बरगड्या निघाल्या, मग एक कवटी. पुढचे दात नारिंगी-पिवळे, त्यांच्यामागे मोकळी जागा, मग दाढा. हा उंदीर. दुसरी कवटी लांबट, निमुळती, टोकदार दातांची जवळजवळ सलग रांग असलेली. ही चिचुंद्री. बशी आजींना नेऊन दाखवली तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे कोठारातले उंदीर हेच खातंय की!” त्यानंतर त्या खोलीची राखण त्यांनीच केली.

मुरैनाच्या पुढे चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळी-दरडींच्या मुलखात, मात्र प्रकरण अवघड होतं. शेळ्या चारणाऱ्या एका दादांनी सांगितलं होतं, “उधर घुग्घू बैठता है, जोड़ा है.” घुग्घू म्हणजे मोठं घुबड हे नक्की, पण कोणतं? या भागात तीन मोठी घुबडं धरून चालावं लागतं, आणि तिघांच्याही डोक्यावर पिसांची शिंगं असतात. शृंगी घुबड कडे, दरडी आणि खडकांत राहतं. मासेमार घुबड पाण्याजवळच्या गर्द झाडांत. राखी रंगाचं तिसरं शृंगी घुबडही पाण्याजवळची दाट झाडीच पसंत करतं. आणि चंबळकाठी दरड, पाणी, झाडं सगळं एकाच घळीत सापडतं, त्यामुळे नुसत्या जागेवरून निकाल लागत नाही.

आम्ही थंडीत गेलो, कारण तेव्हाच त्यांची हाकाटी जास्त असते. त्यातही धुक्याचे दिवस टाळले. जानेवारीतलं ग्वाल्हेर-मुरैनाचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. दुपारी दरडीच्या पायथ्याशी मोठ्या, अंगठ्याहून जाड गोळ्या मिळाल्या. फोडल्या तर उंदरांची हाडं आणि एका पक्ष्याची पिसं. खेकड्याच्या कवचाचा तुकडा नाही, माशाचा खवला नाही. मासेमार घुबड इथेच मागे पडलं होतं, पण काका तेवढ्यावर थांबणारे नाहीत. “ते उंदीरही खातं. पाय दिसल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही.”

मग घळीच्या पलीकडच्या काठावर, झुडपाच्या आडोशाला बसलो. सूर्य गेल्यावर थोड्या वेळाने हाक आली: “बूऽ-बोऽ”. खोल, घुमणारी, दुसरा स्वर लांबवलेला. पुन्हा शांतता, पुन्हा तीच हाक. राखी घुबडाची हाक अगदी वेगळी असते. टप्पे घेत थांबणाऱ्या चेंडूसारखे तिचे स्वर जवळजवळ येत जातात. तेही बाद झालं. दुर्बिणीत दरडीच्या कंगोऱ्यावर ते दिसलं. प्रत्येक हाकेला गळ्याचा पांढरा पट्टा फुगायचा. मी उत्साहाने सांगितलं, तर काका कुजबुजले, “पांढरा गळा मासेमारालाही असतो रे. पाय बघ.”

पाय पिसांत दडलेले होते. बराच वेळ काही हललं नाही. मग त्याने अंग ताणलं, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे लांब केला, आणि शेवटच्या उजेडात दिसलं की पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेला आहे. मासेमार घुबडाची नडगी उघडी असते. मान वळली तेव्हा डोळाही नीट दिसला, गडद नारिंगी. शृंगी घुबड, बुबो बेंगालेन्सिस. पूर्वी याला युरोपातल्या मोठ्या घुबडाचीच उपजात मानत, आता स्वतंत्र जात मानतात. काकांनी वहीत तारीख, वेळ, हाक, डोळा, पाय असं सगळं लिहिलं, मग नाव. मोबाइलवर हाक ध्वनिमुद्रित केली, पण मुद्रित हाक वाजवून त्याला बोलावलं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा यांचा विणीचा काळ. घरटं असं बांधतच नाहीत, उघड्या दरडीच्या कपारीत मातीवरच अंडी घालतात. आपल्यामुळे मादी उठली तर त्या थंडीत अंडी उघडी पडतात.

घळीचं नाव मी इथे देणार नाही, विचारूही नका. दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडून विकली जातात. 2010 साली ट्रॅफिक इंडिया या वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने यावर सविस्तर अहवाल काढला होता. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, तरी हे चालतं, आणि त्यात मोठ्या शिंगांच्या घुबडाला मागणी जास्त. त्या शेळीवाल्या दादांनाही आम्ही हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, “हम किसी को नहीं बताते.”

आता लक्ष वनघुबडावर आहे. काळसर डोळे, शिंगं नाहीत, अंगावर ठिपके आणि नक्षी, आणि जुन्या आंबराया नि चिंचांची आवड. शहराबाहेरच्या एका आमराईत त्याची थरथरती, अंगावर काटा आणणारी हाक आम्ही ऐकली आणि मुद्रितही केली आहे. आवाजावरून ओळख पटली, पण पक्षी अजून दिसलेला नाही. मोहोर यायच्या आत, झाडाखाली माणसांची वर्दळ वाढण्याआधी, दिवसा जाऊन बुंध्यांखालच्या गोळ्या शोधायच्या आहेत. मालकांनी परवानगी दिली आहे, अट एकच: कुत्रं बांधायला सांगून मगच आत शिरायचं.