गुप्त फाइल मिळत नाही, मग सुरक्षेवर पीएचडी होते कशी?

"सरकार गुप्त कागद दाखवत नाही, मग राष्ट्रीय सुरक्षेवर पीएचडी करणारी मुलं पाच-सहा वर्षं वाचतात तरी काय?" राज्यशास्त्राच्या नाहीतर संरक्षणशास्त्राच्या विभागात काम करणाऱ्याला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही गाठतो. विचारणाऱ्याच्या मनात असं असतं की खरं ते सगळं दिल्लीच्या साउथ ब्लॉक या सरकारी इमारतीतल्या कुठल्यातरी कपाटात बंद आहे आणि बाहेर उरलाय तो वर्तमानपत्री चोथा. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

गुप्ततेपायी रखडलेले प्रबंध असतात, नाही असं नाही. पण जास्त रखडतात ते प्रश्न नीट न बेतल्यामुळे. सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, 'भारताचं अणुधोरण : एक अभ्यास' असं लिहून येणारा विद्यार्थी दोन वर्षं नुसती पुस्तकं वाचतो आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या लक्षात येतं की आपल्याला सिद्ध काहीच करायचं नव्हतं.

त्याच विषयातला एक तुकडा घ्या. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीननं पहिली अणुचाचणी केली. पुढे अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या वाटाघाटी रंगात आल्या असताना, एप्रिल १९६७ मध्ये पंतप्रधानांचे सचिव एल. के. झा आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष विक्रम साराभाई मॉस्को, लंडन, वॉशिंग्टन अशा राजधान्यांत जाऊन आले. चीननं अण्वस्त्राची धमकी दिली तर आमच्या पाठीशी कोण उभं राहील, हे त्यांना विचारायचं होतं. ठोस हमी मिळाली नाही आणि १९६८ मध्ये करार सह्यांसाठी खुला झाला तेव्हा भारतानं सही केली नाही. आता प्रश्न असा बेतायचा : हमी मिळाली नाही म्हणून सही झाली नाही, की सही करायची नाही हे आधीच ठरलं होतं आणि हमीची मागणी हा वेळकाढूपणा होता? याचं उत्तर हो किंवा नाही येऊ शकतं, आणि त्यासाठी लागणारे कागद मिळण्याजोगे आहेत. आपल्या बाजूची फाइल बंद असली तरी टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांनीही टिपणं काढलेली असतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं १९६४ ते ६८ या काळातल्या दक्षिण आशियाविषयक कागदपत्रांचा अख्खा खंड छापला आहे आणि तो घरबसल्या फुकट वाचता येतो. ब्रिटिशांचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. लोकसभेतल्या चर्चा डिजिटल स्वरूपात आहेतच.

मात्र परकीय टिपण म्हणजे वेदवाक्य नव्हे. राजदूत लिहितो ते वरिष्ठाला पटेल अशा बेतानं. आपला दूतही मॉस्कोत एक बोलतो आणि वॉशिंग्टनमध्ये दुसरं. विद्यार्थी ही विसंगती पाहून घाबरतात आणि 'सूत्रांमध्ये एकवाक्यता नाही' असं लिहून मोकळे होतात. खरं तर कोणाला काय सांगितलं याचा तक्ता तारीखवार मांडला तर अर्धं प्रकरण तिथेच उभं राहतं.

दिल्लीत जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काय होतं तेही ऐका. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, नियम १९९७ चे. पंचवीस वर्षांहून जुने, जपून ठेवण्याजोगे कागद मंत्रालयांनी तिथे पाठवावेत अशी अपेक्षा आहे. सूची बघून तुम्ही मंत्रालय, शाखा, वर्ष, फाइल क्रमांक स्लिपवर लिहून देता आणि वाट बघता. पुष्कळ वेळा फाइल येत नाही, स्लिपच परत येते. तिच्यावर दोन अक्षरं असतात : 'एनटी', म्हणजे फाइल मंत्रालयाकडून इथे आलेलीच नाही. कधी कागद इतका ठिसूळ झालेला असतो की हाताळायला देत नाहीत. म्हणून एकाच विषयासाठी दोन-तीन शाखांच्या सूची बघायच्या. परराष्ट्र मंत्रालयातली फाइल मिळाली नाही तरी तिची प्रत वाणिज्य, अर्थ किंवा गृह खात्याच्या फाइलमध्ये टाचलेली सापडू शकते, कारण सरकारी पत्र एकाच टेबलावर सहसा थांबत नाही. न मिळालेल्या फायलींची क्रमांकवार यादी प्रबंधाच्या परिशिष्टात द्यावी. 'हे का बघितलं नाही' या परीक्षकाच्या प्रश्नाला ते उत्तर असतं, आणि नंतर येणाऱ्याची पायपीट वाचते.

तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयातले खाजगी कागद हा यावरचा जुना, भरवशाचा उतारा. निवृत्त होताना मोठे अधिकारी आपल्याजवळच्या टिपणांच्या प्रती घेऊन जात, त्या पुढे तिथे जमा झाल्या. १९७१ च्या युद्धावरचं बरंचसं गंभीर लेखन इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. हक्सर यांच्या तिथल्या कागदांवर उभं आहे. वाचायची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि छायाप्रतींवर मर्यादा असते. दिल्लीत राहण्याचा खर्च काढताना हाताने उतरवून घ्यायचे दिवसही धरायचे.

माहिती अधिकाराबद्दल भाबडी आशा नको. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, न पटल्यास अपील, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कलम ८(३) वाचून मुलं खूश होतात, कारण वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावी असं ते म्हणतं. पण त्याच वाक्यात अपवाद आहे आणि सुरक्षेविषयीचं ८(१)(क) त्या अपवादात बसतं. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल मागितला तेव्हा केंद्रीय माहिती आयोगानं २०१० मध्ये नकार दिला तो याच कलमाच्या आधारे. रॉ, आयबी या संस्था तर कलम २४ नुसार भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या आरोपांपुरत्याच कायद्याच्या कक्षेत येतात. मग माहिती अधिकार वापरायचा कशासाठी? पदं किती मंजूर, किती रिक्त, समिती कधी नेमली, अहवाल कधी सादर झाला अशा कोरड्या गोष्टींसाठी. कोरडी माहिती सहज मिळते आणि भाष्यापेक्षा जास्त कामाला येते.

शिवाय उघड्यावर पडलेलंच किती आहे! संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांवर अहवाल देते, त्यात अधिकाऱ्यांच्या साक्षींतले उतारे असतात. कारगिल आढावा समितीचा अहवाल काही मजकूर गाळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. दारूगोळ्याचा साठा चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरावा असं प्रमाण ठरलेलं असताना कित्येक प्रकार दहा दिवसही पुरणार नाहीत, हे कॅगच्या २०१५ च्या अहवालात छापलेलं होतं. यासाठी कुणाच्या कपाटाची किल्ली लागली नाही.

आकडे मात्र जपून. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची शस्त्रव्यवहारांची आकडेवारी १९५० पासूनची आहे, पण तिचं एकक पैशांत नाही. कोणत्या प्रतीचं शस्त्र किती संख्येनं गेलं यावरून काढलेलं ते आकारमान असतं. त्यापुढे डॉलरचं चिन्ह लावून रुपयांत रूपांतर केलेले तक्ते जमा झालेल्या प्रबंधांत दिसतात, आणि बाहेरचा परीक्षक नेमका तिथे बोट ठेवतो. दुसरी चूक संरक्षण खर्चात होते. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयाला सुमारे ६.२१ लाख कोटी रुपये होते, त्यातले सुमारे १.४१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. एका वर्षाचा आकडा पेन्शनसकट आणि दुसऱ्याचा पेन्शन वगळून घेतला की वाढ किंवा घट हवी तशी निघते. युद्ध कशाला म्हणायचं यातही तेच. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत वर्षाला पंचवीस लढाई-मृत्यूंपासून सशस्त्र संघर्ष मोजतात, तर युद्धांच्या दुसऱ्या एका नावाजलेल्या यादीत हजारांपासून युद्ध. कुठली व्याख्या घेतली ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाकावं.

मुलाखतींची हौस सगळ्यांना असते. निवृत्त जनरल चहा पाजतात, दोन तास बोलतात आणि परतल्यावर वहीत किस्से तेवढे उरतात. गुपित विचारायचंच नाही, पद्धत विचारायची : त्या बैठकीला कोण कोण असायचं, टिपण आधी कोणाकडे जायचं, विरोधी मत लेखी नोंदवलं जायचं का. हातात एखादा प्रसिद्ध झालेला कागद घेऊन गेलात तर आठवणी ताळ्यावर राहतात. नाव छापायचं की नाही याची लेखी संमती बोलणं सुरू करण्याआधी घ्या. शासकीय गुपितं कायदा १९२३ चा असला तरी अजून जिवंत आहे. शिवाय गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या कामाविषयी काही प्रसिद्ध करण्याआधी परवानगी घ्यावी लागते, हे बंधन २०२१ मध्ये आणखी कडक झालं. त्यामुळे अशा व्यक्तीचा नकार मनाला लावून घेऊ नये.

हल्ली ज्याला त्याला गलवानवर लिहायचंय. १५ जून २०२० च्या रात्री तिथे भारतीय आणि चिनी सैनिकांत नेमकं काय घडलं, हे आज प्रबंधाच्या कसोटीला उतरेल अशा पुराव्यानं सांगता येणार नाही. पण १९९३, १९९६, २००५ आणि २०१३ चे चीनबरोबरचे सीमाकरार जाहीर आहेत. १९९६ च्या करारात प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करू नये असं कलम आहे. ही कलमं दोन्ही बाजूंनी वेळोवेळी कशी वाचली, त्यावर संसदेत काय निवेदनं झाली, यावर उत्तम काम होऊ शकतं.

नियम थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि दिव्यांगांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. किमान बारा क्रेडिटचं कोर्सवर्क आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण. परीक्षक गाइडखेरीज किमान दोन.

पैशांचं गणित जास्त टोचतं. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचे, महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. वर्षाची आकस्मिक रक्कम मानव्यविद्यांत सुरुवातीला दहा हजार, तेवढ्यात लंडनचं तिकीटही येत नाही. चार्ल्स वॉलेस न्यासासारख्या ठिकाणी अर्ज करावा आणि क्यूच्या अभिलेखागारात एकदाच, पण तयारीनं जावं. तिथलं वाचक-कार्ड फुकट, स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढणंही फुकट. ऑनलाइन सूचीतून फायली आधी निवडून मागणी नोंदवून ठेवायची. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या दक्षिण आशिया विभागाच्या फायली 'एफसीओ ३७' या मालिकेत, राष्ट्रकुल खात्याच्या 'डीओ'मध्ये, पंतप्रधान कार्यालयाच्या 'प्रेम' (PREM) मध्ये. प्रत्येक फाइलचा पहिला फोटो वेष्टनावरच्या क्रमांकाचा, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तो क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कोपऱ्यात दिसली पाहिजे. नाहीतर पुण्याला परतल्यावर तीन हजार फोटो हाताशी असतात आणि तळटीप एकाचीही देता येत नाही.