पासबुक बरोबर, तरी पैसे नाहीत

आज ठाण्यात संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या रांगेत एकच प्रश्न फिरत होता: दिव्यांग मुलाचं अनुदान का अडलं? बहुतेकदा घोळ खात्यात असतो. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे पासबुक दिलेल्या बँकेत नव्हे, तर एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) आधार जोडलेल्या खात्यात जातात. केवायसी (ओळखीची पडताळणी) म्हणजे सीडिंग (आधार खात्याशी असं जोडणं) नव्हे! बँकेत वेगळा संमती अर्ज भरा, मग माय आधार या आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग' तपासा. यादीत ज्याचं नाव, आधार त्याचाच. मुलाच्या नावापुढे आईचा जोडला की अडकलंच. मुलाचे आधारमधले ठसे वयाच्या 5 आणि 15 वर्षांनंतर अपडेट करायला लोक हमखास विसरतात. दिव्यांगत्व किमान 40 टक्के हवं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत बघा. हयातीचा दाखला दरवर्षी. झेरॉक्स दोन जास्तच न्या.