मोडी दिसायला हवी का वाचायला

भाचीला मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, हवीय. वाचायला नाही, दिसायला. आर्ट कॉलेजचं शेवटचं वर्ष, शेवटी एक मोठं काम मांडायचं असतं, तर बाईसाहेबांनी विषय घेतलाय घरातलं दफ्तर. आता आमच्या सांगलीच्या घरात दफ्तर म्हणजे काय, तर हळदीच्या अडत दुकानाच्या जुन्या वह्या, लाल कापडी बांधणीच्या, पत्र्याच्या ट्रंकेत पडलेल्या. म्हणाली, आत्या, मी पानांचे फोटो काढते, भिंतीएवढे प्रिंट मारते, त्यावर हळदीच्या पाण्याचे वॉश देते, मोडीचा फ्लो काय भारी दिसतो माहितीय का. मी विचारलं त्या पानावर लिहिलंय काय? तर म्हणे ते कुणाला कळतंय, ते टेक्श्चर आहे.

टेक्श्चर! डोकंच फिरलं माझं. आजोबांचे दिवाणजी, म्हणजे दुकानाचे हिशेब लिहिणारे, दिवसभर मांडी घालून, पाठ मोडून लिहीत बसायचे ते काय टेक्श्चर म्हणून? पण तिला एकटीला बोलून उपयोग नाही, सगळीकडं तेच चाललंय. कुर्त्यावर मोडी, कपावर मोडी, लग्नपत्रिकेच्या मागं फिकट मोडी. मध्ये एका हॉटेलात जेवायला गेलो होतो, मराठमोळी थाळी वगैरे, तिथं भिंतभर मोडी कागदाचा वॉलपेपर आणि मी सवयीनं वाचायला लागले तर ते चक्क गहाणखत. कुणीतरी जमीन गहाण टाकलेली आणि आम्ही तिच्याखाली बसून भाकरी मोडतोय. घरच्यांना सांगितलं तर म्हणाले तू जेव गप.

तर आज रविवार, दुकान बंद, ट्रंक काढली. मोडीचा वर्ग मी केलाय, वळणदार हात असला तर बऱ्यापैकी वाचता येतं, गिचमिड असलं तर मात्र एकेक ओळीला झगडावं लागतं. वह्यांची अवस्था बघून दरवेळी कसंतरी होतं. २०१९ च्या पुरात ही ट्रंक खालीच राहिली होती. पाणी ओसरल्यावर दादानं घाईघाईत सगळं गच्चीवर उन्हात टाकलं, काही पानं पापडासारखी कडक होऊन वाकडी झाली ती कायमची. खरंतर असला कागद सावलीत, पंख्याखाली, मध्येमध्ये कोरे कागद घालून सुकवायचा असतो, पण घरात गुडघाभर चिखल असताना हे कुणाला सुचतंय.

यात एक गंमत मात्र झाली. १९७० नंतरच्या वह्या, फाउंटन पेननं निळ्या शाईत लिहिलेल्या, त्या जवळजवळ धुऊन गेल्यात, पानभर नुसता निळा ढग, आकडासुद्धा लागत नाही. आणि त्याच्या आधीच्या, बोरूनं, म्हणजे टोकदार कापलेल्या काडीनं, काळ्या शाईत लिहिलेल्या, त्याच ट्रंकेत त्याच पाण्यात पडून तशाच्या तशा. काजळी पाण्यात विरघळत नाही, ती म्हणजे शेवटी कार्बनच. कागद पिवळा पडला, कडा कुजल्या पण अक्षर काळं कुळकुळीत. भाचीला दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली तेव्हा पहिल्यांदा ती फोन बाजूला ठेवून नीट वाकून बघायला लागली. म्हणाली हेच लावूया की, पुरानं काय नेलं आणि काय ठेवलं. म्हणलं हां, आता जरा बोलतीयस.

मग चहा झाला आणि ती तिचं शिकलेलं सांगायला लागली. फोटोग्राफर दयानिता सिंग यांनी देशातल्या दफ्तरखान्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढलेत, कपाटं, गाठोडी, फायलींचे ढीग, तिथं काम करणारी माणसं. त्यांनी कुठं कागद उघडून वाचलेत, मग मीच का वाचायचे? प्रश्न बरोबर होता, मला जरा विचार करावा लागला. पण मला वाटतं ते फोटो मुळात ढिगाऱ्याचेच आहेत, एवढं सगळं साठलंय आणि कुणीतरी ते राखत बसलंय एवढंच ते म्हणतात. तू मात्र एकच पान उचलून भिंतीएवढं करणार, म्हणजे बघणाऱ्याला हे पान महत्त्वाचं आहे असं सांगणार, मग ते का महत्त्वाचं हे तुला तरी माहीत नको का. कलाकार जितीश कल्लाट यांचं २००७ चं काम तिनंच मला लॅपटॉपवर दाखवलेलं. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० ला गांधीजींनी साबरमतीला केलेलं भाषण, त्यातलं एकेक अक्षर हाडाच्या आकाराचं करून भिंतभर मांडलंय, साडेचार हजारांच्या आसपास तुकडे आहेत. ते लांबून सुंदर दिसतं, जवळ गेलं की हाडं दिसतात, पण त्याच्यापुढं उभं राहून भाषण वाचता येतं. अक्षर आधी अक्षर आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातसुद्धा आजच्या कलाकारांना बोलावून जुन्या संग्रहावर काम करायला देतात, तिथंही आधी संग्रह बघावा लागतोच ना.

आणि हे काय मुंबईचंच कौतुक नाही. आपल्या मिरजेत इतिहासकार वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धन सरदारांचं दफ्तर वाचत बसले, निवडून, लावून, छापत राहिले. त्यांना कुणी कलाकार म्हणणार नाही पण कुठलं पत्र घ्यायचं, कशाच्या शेजारी लावायचं ही नजर काय कमी कलेची आहे? साताऱ्यात इतिहाससंशोधक पारसनिसांनी आयुष्यभर कागद आणि चित्रं जमवली, तो संग्रह पुढं पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. आपल्याकडचं दफ्तर पुण्याला जातं हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी सविस्तर चिडेन.

असो. वाचायला बसलो.

कीर्दीत रोजचा व्यवहार. वर श्री, मग तिथी, डावीकडं जमा, उजवीकडं नावे म्हणजे खर्च, कागदाला घड्या पाडून केलेले रकाने. पोती, तोलाई, हमाली, हरिपूरच्या पेवातनं माल काढल्याची मजुरी. भाचीला पेव माहीतच नव्हतं! सांगलीची पोरगी आणि पेव माहीत नाही, पण तिची तरी काय चूक, २००५ च्या पुरात बरीच पेवं खराब झाली आणि आता बहुतेक माल कोल्ड स्टोरेजला जातो. तिला सांगितलं, जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद पोट मोठं, आत हळद भरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही कारण आत हवाच नसते. आणि म्हणूनच उघडल्या उघडल्या माणूस आत उतरवत नाहीत, तोंड तासन् तास उघडं ठेवतात, नाहीतर गुदमरून जीव जाईल. तर त्या उतरणाऱ्या माणसाची नोंद आहे आमच्या कीर्दीत. नाव आहे, बापाचं नाव नाही, रक्कम आण्यात. व्यापाऱ्यांना मात्र पूर्ण नाव, गाव, वर राजमान्य राजश्री. आणि हळद निवडणाऱ्या बायकांना तर नावच नाही. 'बायका ६' आणि पुढं रक्कम. दुसऱ्या दिवशी 'बायका ४'. पानामागनं पानं 'बायका'. भाची म्हणाली, आत्या, मी ह्यांच्यावरच वॉश मारणार होते ना. मी काही बोलले नाही, तिचं तिलाच कळलं होतं.

आता खरी गोष्ट.

शके १८६९ ची कीर्द. पौष महिन्यापर्यंत एकच हात, दिवाणजींचा, इतका देखणा की माझ्यासारखीलासुद्धा भराभर वाचता येतो. पौष वद्यात एका तिथीला लिहिणं थांबतं. बेरीज केलेली नाही, शिल्लक ओढलेली नाही. पुढची काही पानं कोरी. आणि मग परत सुरू होतं तेव्हा हात वेगळा, मोठा, ओबडधोबड, ओळ वर चढत जाणारा. तो पहिला हात त्या वहीत परत येत नाही, पुढच्या वहीतही नाही.

मी फोनवर तिथीची तारीख काढून बघितली. जानेवारी १९४८ ची अखेर.

आपल्या भागात अठ्ठेचाळीस म्हणलं की जुन्या लोकांना पुढं सांगावं लागत नाही. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला, मारणारा ब्राह्मण निघाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली, दुकानं, वाडे, कारखाने. कोल्हापुरात सिनेमावाले भालजी पेंढारकर यांचा स्टुडिओ जळाला तो ह्याच दिवसांत. आणि दोन महिने व्हायच्या आत, ८ मार्चला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, पुढच्या वर्षी आपण दक्षिण सातारा झालो, सांगली जिल्हा हे नाव मिळालं १९६० ला. हे सगळं पुस्तकात मिळतं. आमच्या वहीत मिळतात ती कोरी पानं आणि बदललेला हात.

दिवाणजी ब्राह्मण होते. आडनावावरनं कळतंच.

मोठी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला संध्याकाळी वही दाखवली. तिनं आधी चष्मा पुसला, मग म्हणाली त्यांची सही ओळखते मी, दिवाळीला आम्हा पोरांना बत्तासे आणायचे. मग काय झालं त्यांचं? तर म्हणे पुण्याला गेले. थोड्या वेळानं म्हणाली चार दिवस आपल्याच माळ्यावर होते, आई वरती ताट नेऊन द्यायची. आणि जेवताना म्हणाली छे, माळ्यावर ते नव्हते, ते दुसरे कुणी, शेजारचे. तीन वेळा विचारलं, तीन उत्तरं. भाची सगळं रेकॉर्ड करत होती (आधी विचारून, हे तिचं चांगलं). मी म्हणलं, आत्या, नक्की काय ते आठव की. तर माझ्यावरच खेकसली, मला काय वही समजलीस होय गं.

मला त्या तीन उत्तरांतलं मधलं खरं वाटायला आवडेल, उघड आहे, आपल्या घरानं माणूस लपवला, वाचवला, कुणाला नाही आवडणार. म्हणूनच मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवत नाहीये. भाचीला मात्र तिन्ही हवीत, एकापाठोपाठ एक, मोठ्या आत्याच्या आवाजात, शेजारी ती कोरी पानं. हळदीचे वॉश नाहीत, भिंतीएवढं काही नाही, पान आहे तेवढंच. आणि दिवाणजींच्या शेवटच्या पानाचा मजकूर देवनागरीत, बघणाऱ्याला वाचता येईल असा. शेवटच्या नोंदीत काही ग्रेट नाही हां, सुतळी आणि रॉकेल. रॉकेल वाचून भाची दचकली, म्हणलं अगं दिव्याला लागायचं, लगेच सिनेमा करू नकोस. हे असलं सारखं सांभाळावं लागतं, कागद मुकाट असतो आणि आपल्याला त्याच्या तोंडी काहीही घालता येतं.

'बायका ६' चं काय करायचं ते अजून ठरलं नाही. ती म्हणते ते वेगळं काम, पुढच्या वर्षी. मला वाटतं ते ह्याच्याहून मोठं काम आहे आणि मोठी आत्या आहे तोवरच व्हायला हवं, तिला त्यातल्या दोघी-तिघींची नावं आठवतात, निदान आज तरी आठवत होती.

रात्री दादा आला. त्याला कळल्यावर पहिलं वाक्य जे यायचं तेच आलं, आता कशाला ते उकरून काढायचं, लोकं काय म्हणतील, आपलं दुकान आहे इथं. भाची भांडायला उठली, तिला बसवलं. दादाचं चुकतं असं मला सरसकट वाटत नाही. ज्यांची घरं जळाली त्यांची नातवंडं आहेत, ज्यांनी जाळली त्यांचीही इथंच आहेत, आणि सगळे आपल्याच दुकानात हळद घ्यायला येतात. पण तो म्हणतो ते उकरून काढणं म्हणजे काय, वहीत कोरी पानं आहेतच, आम्ही काही ती कोरी केली नाहीत.

शेवटी त्यानं दोन अटी घातल्या. मूळ वह्या घराबाहेर जाणार नाहीत, जे काय ते फोटोवर. आणि दिवाणजींचं नाव कुठं लावायचं नाही. पहिली अट मला शंभर टक्के मान्य, मीच घातली असती. दुसरीवर उद्या परत बोलणार आहे. त्यांच्या घरचं कुणी सापडतं का ते आधी बघू, त्यांनी नको म्हणलं तर नाही लावणार, विषय संपला. पण दादाच्या दुकानाला अडचण होते म्हणून नाही लावायचं हे मला पटत नाही. बायकांना नावं नाहीत, पेवात उतरणाऱ्याला अर्धंच नाव, आणि ज्या एका नोकरानं स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय ते पण आता आम्हीच पुसायचं?