गच्चीवरची शिरगणती

ऑक्टोबर हीटला अख्खी मुंबई शिव्या घालत असताना काही मोजकी माणसं स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायला गच्चीची फरशी तापायची वाट बघत बसलेली असतात. जमीन तापली की हवा वर चढते, आणि त्या चढत्या हवेवर पंख पसरून गरुड फुकटात उंची गाठतात. वर पोचले की दक्षिणेकडे घसरत निघायचं, खाली येता येता चढत्या हवेचा पुढचा झोत पकडायचा, असा त्यांचा प्रवास. म्हणून शिकारी पक्ष्यांच्या गणतीला पहाटे उठावं लागत नाही. पक्षीनिरीक्षणात एवढी चैन दुसरीकडे कुठे नाही.

मुंबईतून मॉन्सून परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर आकाश मोकळं होतं आणि सकाळी नऊ ते बारा ही कामाची वेळ ठरते. दुपारच्या सुमाराला वारा फिरतो, समुद्रावरची गार हवा आत शिरते आणि किनाऱ्यालगतचे झोत दबतात. त्यामुळे वरळी-वांद्र्यापेक्षा भांडुप-मुलुंडची गच्ची बरी. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीकडून किल्ली मिळवताना दुर्बिणीचं प्रयोजन आधीच सांगून ठेवावं. आणि दुर्बीण समोरच्या टॉवरच्या खिडक्यांपेक्षा वरच धरावी, हे वेगळं सांगायला नको.

इथे मोठ्या आकड्यांची आशा धरू नये. जॉर्जियातल्या बातुमीला काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात, कारण पाण्यावर झोत नसतात आणि घिरट्या घेत जाणारे पक्षी समुद्र टाळतात. आपल्याकडे त्यांना असं एका जागी गोळा करणारं काही नाही. येतात ते विखरून. आणि जे येतात ते घारींच्या गर्दीत हरवतात.

मुंबईच्या गणतीतलं खरं दुखणं घार हेच आहे. देवनारच्या कचऱ्यावर घिरट्या घेणाऱ्या शेकडो घारींत एखादा गडद रंगाचा बूटेड ईगल (लहान चणीचा गरुड) असला, तर तो आकाराने, रंगाने त्यांच्यातलाच वाटतो. शेपटी बघावी. घारीची शेपटी मधे खाचेची, पण तिने ती पूर्ण पसरली की खाच दिसेनाशी होते आणि नवखा माणूस तिथेच फसतो. तेव्हा शेपटीची हालचाल बघायची. घार ती सारखी सुकाणूसारखी पिळत असते, ईगल तेवढी पिळत नाही. तो समोरून येत असेल तर मानेच्या दोन्ही बाजूंना, पंख जिथे सुरू होतात तिथे, पांढरे ठिपके दिसतात. ते दिसले की वाद मिटला. भरीस भर म्हणजे घारींतही पाहुण्या असतात. काळ्या कानाची घार हिवाळ्यापुरती येते. दिल्लीत टॅग लावलेल्या अशा घारी हिमालय ओलांडून मध्य आशियाकडे गेल्याचं नोंदलेलं आहे. एरवी रोजच्या घारी मोजायच्याच नाहीत. मोजायचा तो सरळ एका दिशेने जाणारा आणि परत न फिरणारा पक्षी. गेलेला परत आलेला दिसला तर आकडा वजा करायचा.

माणसं किमान दोन हवीत. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं, अर्ध्या तासाने अदलाबदल. एकट्याने दोन्ही केलं की वहीत मान खाली जाते आणि नेमका तेव्हाच पक्षी डोक्यावरून जातो. तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि पक्षी समोरून. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. १०× मध्ये पक्षी मोठा दिसतो पण आकाशाचा तुकडा लहान होतो आणि हात थरथरतो. क्षितिजापासून सुरुवात करून सावकाश आडवं फिरायचं, मग थोडं वर सरकून उलट्या दिशेने, प्रत्येक वेळी आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग पुन्हा घेत. निरभ्र निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी दिसतच नाही. पांढऱ्या ढगांची पार्श्वभूमी असली की तोच काळा होऊन उठून दिसतो.

थवा झोतात गरगरत असताना मोजू नये. कोण मोजला, कोण राहिला, काही कळत नाही. दादरला फलाटावरची गर्दी मोजता येत नाही, जिना चढताना येते, तसं झोताच्या माथ्यावरून पक्षी एकामागे एक सुटायला लागले की मोजायचं. एखादा टॉवर किंवा पाण्याची टाकी ही रेघ मानायची आणि रेघ ओलांडली की हातातल्या मोजणी-काउंटरचा खटका दाबायचा.

नोंद दर तासाची वेगळी: वारा कुठून, ढग किती, किती डोळे बघत होते, आणि दृश्यमानता. दृश्यमानतेसाठी खाडीपलीकडचा पारसिक डोंगर चांगला. नोव्हेंबरात धुरकं वाढलं की तो पुसट होतो, आणि मग आकडा का घसरला याचा जाब पक्ष्यांना विचारायची गरज उरत नाही. काहीच दिसलं नाही त्या तासापुढे शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर १९३४ पासून मोजणी चालू आहे. तिथल्या नोंदींत पुढे बाल्ड ईगल या गरुडाचे कोवळ्या वयाचे पक्षी कमी होत चाललेले दिसले, आणि डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या युक्तिवादात ते आकडे वापरले गेले. पक्ष्याचं वय लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगळे पक्षी झोतांवर अवलंबून नसतात. भोवत्या, म्हणजे हॅरियर, पंखांचा इंग्रजी व्ही करून खाडीकाठच्या पाणगवतावर खालूनच तरंगत जातो. त्याला शोधायला मान वर नाही, खाली करावी लागते. तो हिवाळाभर तिथेच रेंगाळला की प्रवासी म्हणून रोज नव्याने मोजायचा नाही. उंच इमारतीवर ठाण मांडून कबुतरं मारणाऱ्या बहिरी ससाण्यालाही हाच नियम.

राहता राहिला अमूर ससाणा. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि सैबेरिया-चीनकडून नागालँडमार्गे येऊन अरबी समुद्र पार करत आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. वाटेत तो चतुर नावाचे उडते कीटक खात जातो, असा अभ्यासकांचा कयास आहे. त्यामुळे नोव्हेंबरात गच्चीवर चतुरांचे थवे दिसले की वर दुर्बीण फिरवून बघावी. बरेचदा तो इतक्या उंचीवर असतो की टोकदार पंखांपलीकडे काही कळत नाही. तेव्हा मोह आवरून ‘अनोळखी ससाणा – १’ एवढंच लिहावं.