पंखावर पट्टे म्हणजे फळमाशीच असं नसतंय

कुणी माशीचा फोटो दाखवला की मी रंग बघतच नाही, आधी पंख बघतो. हिरवी चमकते, निळी आहे, पोटावर पिवळे पट्टे आहेत, ह्यावरनं कुळ ठरवायला गेलं की हमखास घोटाळा, कारण असले रंग कितीतरी कुळांत सापडतात, पण पंखातल्या शिरा कुठनं निघतात आणि कुठं जातात ते सहसा कुळाकुळाचं ठरलेलं असतं. परत हे लिहायला बसलो ते निपाणीकडं मामांच्या सोयाबीनमध्ये श्रावणात दिसलेल्या एका बारक्या माशीमुळं.

पाच मिलिमीटर असेल नसेल. अंग काळं तकतकीत, पंख पारदर्शक आणि त्यावर आडवे काळपट पट्टे. पानावर बसली तरी गप्प म्हणून नाही, चालता चालता एकेक पंख बाजूला काढून हलवत राहते, बेळगावच्या चन्नम्मा सर्कलमधला ट्रॅफिक पोलिस हात करतो तसं.

"काय बघालास रे मघापासनं? औषध मारूया का नको तेवढं सांग," मामा.

औषधाच्या दुकानात त्यांना आधीच सांगितलं होतं, फळमाशी आहे, ही बाटली घ्या आणि सापळे पण लावा. मोबाईलमधलं ॲप पण तेच म्हणालं, टेफ्रिटिडी, म्हणजे फळमाश्यांचं कुळ. दोघांनीही पट्टे बघितले आणि निकाल दिला. गंमत अशी की आंब्यात अळ्या करणारी जी फळमाशी आपल्याला माहितेय, बॅक्ट्रोसेरा, तिच्या पंखावर असले आडवे पट्टे नसतातच, पंख जवळजवळ साफ आणि पुढच्या कडेला एक गडद रेघ. बोरावरची फळमाशी मात्र पट्टेवाली. म्हणजे पट्ट्यांवरनं इकडंही जाता येत नाही आणि तिकडंही.

मग फोटो मोठा करून शिरा बघितल्या. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शीर असते ती कोस्टा, तिला लागूनच खाली एक बारीक शीर, सबकोस्टा, आणि सगळी मेख हिच्यात आहे. फळमाश्यांत सबकोस्टा टोकाजवळ आली की जवळजवळ काटकोनात वर वळते आणि कडेला पोचायच्या आधीच फिकट होऊन विरून जाते. मामांच्या माशीत तसलं काही नाही, शीर शेवटपर्यंत ठळक आणि तिरकी जाऊन निवांत कडेला मिळालेली. मग पंखाच्या बुडाशी मागच्या बाजूला एक छोटा बंद कप्पा असतो तो बघितला, बहुतेक फळमाश्यांत त्याचा एक कोपरा टोकदार होऊन बाहेर निघालेला असतो, इथं कोपरा बिपरा काही नाही. तोंडाच्या फोटोत कपाळ पण दिसत होतं. फळमाशीच्या कपाळावर, खालच्या बाजूला डोळ्यांच्या कडेनं आत झुकलेले राठ केस असतात, हिचं कपाळ तिथं मोकळं.

तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या, प्लॅटिस्टोमॅटिडी, म्हणजे माश्यांचं दुसरंच एक कुळ. आणि असल्या पट्ट्यांची, शेंगवर्गीय पिकात फिरणारी म्हणजे त्यातल्या रिव्हेलिया नावाच्या गटातली असणार, पण त्याच्या पुढं जातीपर्यंत फोटोवरनं मी जाणार नाही, त्याला माशी भिंगाखालीच पाहिजे.

कुळ बदललं की सगळा हिशोबच बदलतो. रिव्हेलियाच्या ज्या जातींचा अभ्यास झालाय त्यांच्या अळ्या फळात नाही, मातीत असतात आणि मुळावरच्या, पिकाला नत्र देणाऱ्या गाठी खातात. आपल्याकडं तुरीवर रिव्हेलिया अँग्युलाटा माहितीची आहे, अमेरिकेत सोयाबीनवर दुसरी जात. मामांनी एक झाड अलगद उपटलं, मुळं धुतली. चांगली गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी, पण काही गाठी काळ्या पडलेल्या, दाबल्या की नुसतं टरफल, आणि एकीत बारीक पांढरी अळी वळवळत होती. अळी हीच माशी होणार का हे ती वाढवून बघितल्याशिवाय म्हणता येत नाही, पण पानावर फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणार नाही एवढं मामांना लगेच पटलं. आणि सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल म्हणजे बॅक्ट्रोसेराच्या नरांना ओढायला, ह्या बाईसाहेब तिकडं ढुंकूनही बघणार नाहीत! बाटली परत गेली. दुकानदारानं पैसे दिले नाहीत, बदल्यात दुसरं काहीतरी गळ्यात मारलं, ते असो.

फोटो काढताना सकाळी लवकर जावा, अंगात ऊन भरलं की माशी थांबत नाही. पाठीवरनं एक, बाजूनं एक, तोंडाचा एक आणि पंख पसरलेला एक एवढे तरी पाहिजेतच. पंखासाठी पानाच्या खालनं, मागं आभाळ येईल असं धरा, उजेड आरपार आला की शिरा आपोआप उठून दिसतात. मोबाईलला चिमट्यानं लावायची मॅक्रो लेन्स पुरते. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान करतंय आणि नेमकी सबकोस्टाच पुसून जाते.

बैलहोंगल, अथणी, चिक्कोडीकडं कुणाच्या सोयाबीनमध्ये नाहीतर तुरीत अशी पंख हलवत फिरणारी दिसली तर मला कळवा, आणि एखादं झाड उपटून मुळांचा फोटो पण जोडा.